ऑगस्टातलं क्रीट

क्रीटला, ग्रीसच्या त्या मोठ्या बेटावर, ऑगस्टात जाऊ नये, असं जो तो सांगतो. आमच्या ऑफिसातले जर्मन सांगतात, मुलीच्या वर्गातल्या मुलांचे आईबाप सांगतात, आणि खुद्द क्रीटमधली माणसंही तेच सांगतात. मे-जूनमध्ये या, नाहीतर सप्टेंबर सरता सरता या. ऑगस्टात गर्दी, महागाई, ऊन आणि वरून तो वारा! सल्ला अगदी खरा आहे आणि आमच्या घराला त्याचा काडीचा उपयोग नाही.

आमच्याकडे सुट्टी ठरवताना तीन पंचांगं समोर घ्यावी लागतात. एक मुलीच्या शाळेचं. आम्ही राहतो त्या जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये उन्हाळ्याची सुट्टी जुलैच्या शेवटी लागते आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास संपते. दुसरं बाबांचं. चिपळूणजवळ थोडं भात आणि आंब्याची कलमं आहेत. मे महिन्यात आंबा सोडून कोकणातला माणूस परदेशी जाईल ही आशाच करू नये. जूनमध्ये पेरा, जुलैत लावणी, मग गणपती, मग कापणी, मग दिवाळी. लावणी आटपली आहे आणि गणपतीला अजून अवकाश आहे अशी जी चिंचोळी फट श्रावणात सापडते, तेवढीच काय ती मोकळी. तिसरं पंचांग बेटाचं. पहिली दोन ऑगस्टावर बोट ठेवतात आणि तिसरं नेमकं तिथेच फुली मारतं. आईबाबा इकडे आले असताना गेलो ते ऑगस्टातच.

बेट लहान नाही हे आधी सांगायला हवं. पूर्व-पश्चिम अडीचशे किलोमीटरच्या वर लांब, आणि रुंदी काही ठिकाणी जेमतेम बारा किलोमीटर. या अरुंद पट्टीच्या कण्यावर डोंगर उभे आहेत, तेही असेतसे नव्हेत. मधला प्सिलोरितिस २४५६ मीटर, पश्चिमेच्या लेफ्का ओरी या रांगेतलं पाख्नेस २४५३. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे त्यावर आणखी अर्धं कळसूबाई चढवावं. हवामानाचा सगळा खेळ या कण्यामुळे. पश्चिमेकडून येणारे हिवाळी ढग लेफ्का ओरीवर रिते होतात. पूर्वेला पोचेपर्यंत त्यांच्यात फारसा दम राहत नाही. उत्तर किनाऱ्यावर लाटा उसळत असतात तेव्हा दक्षिणेला समुद्र सपाट असू शकतो. ‘क्रीटचं हवामान कसं आहे?’ असं कुणी विचारलं की मी आधी ‘कुठल्या बाजूचं?’ असं विचारते.

पावसाचं गणित आपल्या बरोब्बर उलट. नोव्हेंबर ते मार्च पाऊस, जून ते ऑगस्ट जवळजवळ ठणठणाट. बेटाची राजधानी हेराक्लिओनमध्ये वर्षभरात साधारण ५०० मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता. बाबांना हा हिशेब सांगितला तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे दोन वर्षांचा पाऊस त्यांनी एका दिवसात घालवला असता.” आकडा लहान म्हणून तो पाऊस गरीब समजू नये. ऑक्टोबर २०२२ मध्ये हेराक्लिओनजवळच्या आगिया पेलागियात काही तासांच्या पावसाने मोटारी उचलून समुद्रात नेऊन टाकल्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये पश्चिमेच्या हान्या शहराच्या बाजूला केरितिस नदीवरचा शंभर वर्षांहून जुना दगडी पूल पुरात गेला. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी पाहिलेल्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही.

आता महिन्यांचं. एप्रिलअखेर आणि मे हे फुलांचे दिवस. डोंगरमाथ्यावर बर्फ आणि खाली माळावर लाल खसखशीची फुलं, असं एकाच नजरेत दिसतं. पण पोहायला जाल तर दात वाजतील, समुद्र अजून हिवाळ्यातून बाहेर आलेला नसतो. सामारियाची घळई पाहायची असेल तर ती साधारण १ मेला उघडते आणि ऑक्टोबरअखेर बंद होते, मधेही पाऊस किंवा फार ऊन असलं की दार लावून घेतात. ओमालोसच्या पठारावरून, सुमारे १२०० मीटरवरून, सोळा किलोमीटर उतरत उतरत आगिया रूमेलीला समुद्राशी पोचायचं. वाटेत एके ठिकाणी दोन्ही कडे इतके जवळ येतात की मधे चार मीटरचीही जागा उरत नाही. खाली पोचल्यावर गाडीरस्ता नाही, पुढे बोटच. म्हणून ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी आधी परतीच्या बोटीची वेळ पाहावी, मग घळईचं स्वप्न. मार्च-एप्रिलमध्ये आणखी एक पाहुणा येतो, आफ्रिकेतून धूळ घेऊन येणारा दक्षिणवारा. मार्च २०१८ मध्ये त्याने अख्खं बेट शेंदरी करून टाकलं होतं. त्या दिवसाचे फोटो पाहून कुणालाही ते मंगळावरचे वाटतील.

जून उत्तम. सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा त्याहून उत्तम, कारण समुद्राने उन्हाळाभर साठवलेली ऊब तेव्हाही शिल्लक असते. हवेतलं ऊन उतरतं पण पाणी तेवीस-चोवीस अंशांवर टिकून राहतं. ज्याला शाळेतली मुलं नाहीत आणि शेतात भात नाही त्याने बिनधास्त ऑक्टोबर धरावा. २०२४ पासून ग्रीसने मुक्कामावर हवामान-संकटाच्या नावाने रात्रीमागे कर लावलाय, तो उन्हाळी मोसमात जास्त आणि हिवाळ्यात कमी. हॉटेलच्या बिलात ही ओळ वेगळी दिसते आणि पुष्कळदा तिथेच रोख किंवा कार्डाने भरावी लागते, हे बजेट मांडताना लक्षात असू द्यावं.

आणि ऑगस्ट.

आम्ही उतरलो होतो पालेओखोराला, दक्षिण-पश्चिम टोकाच्या गावात. हान्याहून डोंगर ओलांडून यायला दोन तास लागतात, आणि वळणं अशी की आईने आंबोलीच्या घाटालाही नावं ठेवणं सोडून दिलं. गाव एका जिभेवर वसलंय. जिभेच्या पश्चिमेला वाळूचा लांबरुंद किनारा, पूर्वेला गोट्यांचा. मधे दोन-तीन गल्ल्या, पाच मिनिटांत या पाण्यावरून त्या पाण्यावर. या रचनेचा अर्थ पहिल्याच सकाळी कळला. वाळूच्या किनाऱ्यावर गेलो तर वारा असा की वाळू पोटऱ्यांना सुयांसारखी टोचत होती. छत्र्या मिटलेल्या, माणसं नाहीत, फक्त शिडाच्या फळ्या घेऊन धावणारी चार तरणी पोरं. आणि तिकडे, गल्ली ओलांडून गोट्यांच्या बाजूला गेलो तर पाणी काचेसारखं शांत आणि सारं गाव तिथे येऊन पसरलेलं! कॉफीच्या दुकानातल्या बाई म्हणाल्या, इथे घरातून निघताना कोणीही हवामानाचं ॲप बघत नाही, कोपऱ्यावरच्या झाडाचा शेंडा बघतो. बाबांनी ते मनावर घेतलं. रोज सकाळी ते चहाआधी कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचे आणि दारातूनच आवाज द्यायचे, “आज दगडांकडे!”

हा वारा म्हणजे मेल्तेमी. उत्तरेकडून, एजियन समुद्रावरून येतो, जुलै-ऑगस्टात सगळ्यात जोरात. आभाळ निरभ्र आणि वारा सुसाट. आपल्याला ही जोडी पचत नाही, कारण आपल्याकडे वारा सुटला की पाठोपाठ ढग यायचेच. दक्षिण किनाऱ्याला डोंगराची पाठ असल्यामुळे निवारा मिळेल असं वाटतं, पण डोंगर चढून आलेला वारा घळींतून गडगडत खाली येतो आणि काही गावांना उत्तरेपेक्षाही जास्त बडवतो. वारा बोफर्ट या वाऱ्याच्या मापावर आठच्या वर गेला की मोठ्या बोटीही बंदरात थांबवतात. बालोसच्या खाडीला नेणाऱ्या बोटी त्याच्या आधीच रद्द होतात. म्हणून ऑगस्टात बेट-बेट फिरायचा बेत असेल तर परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी कुठलीही बोट धरू नये, निदान एक दिवस मोकळा ठेवावा. हा माझ्या लेखी क्रीटबद्दलचा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला.

पण या वाऱ्याचं आणि आपलं नातं ऐकलं तेव्हा मी त्याच्याकडे नीट पाहू लागले. जून ते सप्टेंबर भारतावर आणि बंगालच्या उपसागरावर अफाट पाऊस पडतो. वाफेचं पाणी होताना तिच्यातली उष्णता हवेत मोकळी होते, हवा प्रचंड प्रमाणात वर चढते, आणि इतका मोठा उपसा एका जागी झाला की त्याचा धक्का वरच्या थरांतून पश्चिमेकडे पोचतो. तिकडे, पूर्व भूमध्य समुद्रावर आणि सहारावर, हवा खाली बसते. खाली बसणारी हवा तापते, कोरडी होते, ढग धरू देत नाही. १९९६ मध्ये रॉडवेल आणि हॉस्किन्स या दोन शास्त्रज्ञांनी हे गणिताने मांडून दाखवलं. शिवाय जमिनीलगत दुसरी गोष्ट घडते: मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा वायव्य भारत-पाकिस्तानवरून इराणच्या आखातामार्गे तुर्कस्तानपर्यंत जीभ बाहेर काढतो, बाल्कनच्या बाजूला दाब जास्त असतो, आणि या दोहोंच्या मधून उत्तरेची हवा एजियनवर लोटली जाते. तोच मेल्तेमी. क्रीटच्या कोरड्या उन्हाळ्याला आणखीही कारणं आहेत, पण त्यात आपल्या पावसाचा वाटा मोठा.

बाबांना मी हे गोट्यांवर बसून समजावत होते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे आपल्याकडे सड्यावर कोसळतोय तो, आणि त्याच्यापायी यांची छत्री उडते.” थोड्या वेळाने त्यांनी घरी फोन लावून गड्याला पाऊस आहे का विचारलं. होता. तीन दिवस उघडीप नव्हती. बाबा समाधानाने मान हलवत वाळत घातलेला टॉवेल काढायला गेले. तो पाऊण तासात कडकडीत वाळला होता, आणि श्रावणात टॉवेल वाळतो हीच त्यांच्या दृष्टीने या बेटाची सगळ्यात मोठी चैन होती.

हे नातं काही आत्ताच्या संगणकांना कळलं असं नाही. ॲरिस्टॉटलने या उन्हाळी उत्तरवाऱ्यांवर लिहून ठेवलंय. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रव्यापाराच्या ग्रंथात, ज्यात आपलं कल्याण आणि सोपारा बंदर म्हणून येतात, तो अनाम ग्रीक व्यापारी लिहितो की आमच्याकडे हे उत्तरवारे वाहतात त्याच वेळी हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर समुद्राकडून वारा लागतो. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी दोन किनाऱ्यांवरचे दोन वारे एकाच ओळीत शेजारी शेजारी मांडले होते. त्यामागचं कारण त्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. जहाज हाकारायला तेवढं पुरे होतं.

आईचा प्रश्न वेगळाच होता. “श्रावणात समुद्रात उतरतात का कोणी?” आमच्याकडे नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी पाण्यात जात नाही. जून-जुलैत तर सरकारी मासेमारीबंदीही असते. समुद्र म्हणजे त्या दिवसांत काळा, खवळलेला, किनाऱ्यावर लाकडं आणून फेकणारा. आणि इथे ऑगस्टात पाणी निळं, तळाचा दगड न् दगड मोजावा, पंचवीस अंशांचं ऊबदार. पहिले दोन दिवस ती घोट्यापर्यंतच गेली. तिसऱ्या दिवशी नातीने हात धरून ओढलं. त्यानंतर तिला बाहेर काढायला जेवणाची वेळ सांगावी लागायची.

जेवणाची काळजी मात्र तिने विमानातच सुरू केली होती. श्रावण, म्हणजे मासेमटण नाही, आणि आम्ही चाललो होतो खाटकांच्या आणि कोळ्यांच्या गावी. इथे बेटाने आम्हाला हात दिला. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचा १ ते १४ ऑगस्ट हा मरियमच्या सणाआधीचा उपासाचा काळ असतो. मांस, दूध, अंडी वर्ज्य. सगळे काही पाळत नाहीत, पण खाणावळींत त्या दिवसांत उपासाचे पदार्थ सहज मिळतात, आणि विचारलं की वाढपी न कंटाळता यादी सांगतो. (शिंपले-कोळंबी त्यांच्या उपासाला चालतात, तेवढं विचारून घ्यावं.) द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात, पिवळ्या डाळीचं घट्ट पिठलंच म्हणावं असा फावा, टोमॅटोत शिजवलेली भेंडी. आणि एका संध्याकाळी उकडलेल्या पालेभाजीची एक बशी आली, वर ऑलिव्ह तेल आणि लिंबू. आईने एक देठ उचलला, चिमटीत चिरडला, वास घेतला, चावला. “अगं, हा तर माठ!” माठच होता. ग्रीक लोक उन्हाळ्यात व्लिता म्हणून जी भाजी खातात ती माठाच्याच जातीची. आईने मग नुसतं उकडून खाण्यावर सविस्तर टीका केली, लसूण-मिरचीची फोडणी यांना कशी सुचली नाही याचं आश्चर्य केलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच बशी मागवली.

१५ ऑगस्ट हा मरियमच्या सणाचा दिवस. त्या आठवड्यात अख्खा ग्रीस आपापल्या गावाला निघतो. अथेन्सच्या पिरेयस बंदराहून क्रीटला येणाऱ्या रात्रीच्या बोटींवर जागा मिळत नाही, भाड्याच्या मोटारी महिनाभर आधी संपतात. गणपतीला दादर-सावंतवाडीच्या डब्यात शिरणारी चाकरमान्यांची गर्दी डोळ्यांसमोर आणा, फक्त ट्रंकांच्या जागी चाकांच्या बॅगा. गावात मध्यरात्रीपर्यंत पोरं सायकली फिरवत होती आणि अथेन्सहून आलेले काका-काकू खुर्च्या रस्त्यावर मांडून बसले होते. ऑगस्टातली गर्दी टाळा म्हणणाऱ्यांना मला एवढंच सांगायचंय की पर्यटकांची गर्दी वेगळी आणि घरी परतलेल्यांची वेगळी; दुसरी आम्हाला मुळीच जाचली नाही. हेराक्लिओनच्या बाजूची मोठी रिसॉर्टं आणि एलाफोनिसीचा किनारा मात्र त्या आठवड्यात मी माझ्या शत्रूलाही सुचवणार नाही. गाडी लावायला जागा शोधण्यातच सकाळ जाते.

ऊन हा खरा धोका आहे, आणि त्याबद्दल मी थट्टा करणार नाही. मेल्तेमी वाहतो तोवर उन्हाळा सोसतो, हेराक्लिओनला दिवसा तीस अंशांच्या आसपास. तो पडला किंवा दक्षिणेकडून वारा फिरला की चाळिशी गाठायला वेळ लागत नाही. आणि कोरडं रान, जोराचा वारा, एखादी ठिणगी. जुलै २०२५ मध्ये इयेरापेत्राच्या बाजूला वणवा पेटला तेव्हा हजारो लोकांना, त्यात कितीतरी पर्यटकांना, रातोरात हलवावं लागलं. फोनवर ११२ या आपत्कालीन सेवेचे इशारे सुरू ठेवायचे, डोंगरातल्या एकाच रस्त्याच्या गावात राहणार असाल तर दुसरी वाट पाहून ठेवायची. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणाऱ्यांनी दुपारी अकरा ते पाच क्नोसॉसबिनोसॉस (तिथला पुरातन राजवाडा) विसरावं. आम्ही सकाळी दार उघडताच गेलो आणि दहाला बाहेर होतो.

कॉफीच्या दुकानातल्या त्या बाईंशी बाबांची छान गट्टी जमली, तिसऱ्याच्या इंग्रजीतून. तिसरी म्हणजे मी. ऑगस्टचे पहिले बारा दिवस नीट पाहिले की पुढच्या बारा महिन्यांचं हवामान कळतं, पहिला दिवस एका महिन्याचा, दुसरा पुढच्याचा, अशी ग्रीसमधल्या जुन्या लोकांची रीत. त्या बाईंच्या सासऱ्यांनी ते वहीत लिहून ठेवलेलं असायचं. बाबांनी लगेच बुलढाण्याच्या भेंडवळची घटमांडणी सांगितली: अक्षय्य तृतीयेला घागर, धान्यं, मातीची ढेकळं मांडायची आणि दुसऱ्या दिवशी पहाटे काय हललंय त्यावरून पाऊस सांगायचा. बाईंनी विचारलं, खरं ठरतं का? बाबा म्हणाले, तुमच्या सासऱ्यांचं ठरायचं का? दोघंही मनापासून हसले. मला भाषांतराची गरज पडली नाही.

हिवाळ्यात हाच समुद्र आपल्याकडे परतफेड करतो. भूमध्याकडून निघालेले कमी दाबाचे भोवरे इराण-अफगाणिस्तान ओलांडत उत्तर भारतात येतात, पंजाबच्या गव्हाला पाणी आणि हिमालयाला बर्फ देतात. मराठी बातम्यांत ज्याला पश्चिमी विक्षोभ म्हणतात तेच हे. त्यांच्या जोडीला आपल्या दोन्ही समुद्रांचं बाष्प आलं की विदर्भ-मराठवाड्यात गारपिटीची भीती. क्रीटमध्ये तेव्हा ऑलिव्हची काढणी चाललेली असते, जाळी अंथरलेल्या झाडांखाली, आणि पाऊस थांबतो त्या मधल्या दिवसांत जानेवारीचं स्वच्छ ऊन पडतं. खंड्या पक्ष्याला अंडी उबवता यावीत म्हणून वाऱ्यांचा राजा तेवढे दिवस समुद्र शांत ठेवतो अशी तिथली कथा आहे.

ही कथा ऐकल्यापासून आईच्या डोक्यात जानेवारी बसलाय. मी अडचणी सांगितल्या. जर्मनीहून थेट विमानं नोव्हेंबरपासून बहुतेक बंद, अथेन्सला बदलावं लागेल. दक्षिण किनाऱ्यावरची बहुतेक हॉटेलं कुलूपबंद, पोहणं नाही, सामारिया नाही, संध्याकाळी खोलीत हीटर आहे का हे आधी विचारून घ्यायला हवं. बाबांनी तर पहिल्याच वाक्याला विषय मिटवला: जानेवारीत मोहोर असतो, फवारणी चुकली तर वर्ष गेलं.

“मग मोहोर तुम्ही बघा,” आई म्हणाली, “माझं तिकीट काढ गं.”